रोजच्या वापरासाठी हलके आणि ओलावा टिकवणारे फाउंडेशन : अनुभव, शंका आणि चर्चा

शेवंती

नमस्कार. लग्नकार्यातल्या मेकअपवर इथे पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा मात्र सकाळी डबे भरता भरता लावायच्या आणि संध्याकाळी घरी परतेपर्यंत चेहऱ्यावर निमूट राहायच्या फाउंडेशनपुरता आहे. माझा वर्ण गव्हाळ, त्वचा कोरडी, राहणे पुण्यात आणि नोकरी दिवसभर एसी चालू असणाऱ्या कार्यालयात, एवढे आधीच सांगते, म्हणजे प्रतिसाद देणाऱ्यांना अंदाज येईल.

अनेक वर्षे मी सनस्क्रीनवर कॉम्पॅक्ट फिरवून बाहेर पडत असे. चाळिशी उलटल्यावर तोच कॉम्पॅक्ट दुपारपर्यंत डोळ्यांखालच्या बारीक रेषांत जाऊन बसू लागला आणि ओठांच्या कडेला पापुद्रे उठून दिसू लागले. म्हणून या वेळी बाटलीवर 'हायड्रेटिंग' आणि 'लाइटवेट' असे दोन्ही शब्द असलेले पातळ फाउंडेशन आणले आहे. ब्रँडचे नाव देत नाही, कारण मला चर्चा प्रकाराची करायची आहे, कंपनीची नव्हे.

बाटली हलवून अर्धा पंप हाताच्या पाठीवर घेतला. ताकापेक्षा किंचित दाट असा तो द्रव बोटांनी गालांच्या मध्यापासून कानाकडे पसरवला आणि बोटांवर उरले ते कपाळाला व हनुवटीला लावले. खिडकीशी उभे राहून आरशात पाहिले, तेव्हा नाकाच्या कडेचा लालसरपणा गेला होता, गालावरचे वांगाचे डाग फिके झाले होते आणि डाव्या गालावरचा तीळ मात्र जसाच्या तसा दिसत होता. मला नेमके एवढेच झाकण हवे होते. दुपारपर्यंत एसीतही चेहरा ओढल्यासारखा वाटला नाही.

तक्रारी दोन आहेत. चष्मा काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशन पुसले जाऊन दोन लांबट ठसे उमटलेले असतात आणि चष्म्याच्या पॅडवर तपकिरी थर साचलेला असतो. दुसरी तक्रार टिकलीची. फाउंडेशनवर ती धरतच नाही. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या कपाळावर नसून डब्याच्या झाकणावर असते.

आता शंका. फाउंडेशनमधून त्वचेला खरोखर ओलावा मिळतो, की ते केवळ जाहिरातीचे शब्द आहेत? बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असेल तर वेगळे सनस्क्रीन वगळता येईल का? आणि गव्हाळ वर्णासाठी छटा कशी निवडावी? मला एक क्रमांक राखाडी दिसतो, तर त्याच्या पुढचा नारिंगी.

लोकलवाली

शेवंतीताई, धागा अगदी वेळेवर काढलात. मी डोंबिवलीहून रोज मुंबईला जाते. पुण्याच्या कोरड्या हवेत जे ओलावा टिकवणारे ठरते, ते आमच्याकडे गाडी ठाण्याला पोहोचेपर्यंत कपाळावरून ओघळू लागते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी 'ड्युई', म्हणजे ओलसर चमक देणाऱ्या, या शब्दापासून चार हात लांबच राहते, कारण आमच्याकडची हवा तो परिणाम फुकट देते. तरीही पूर्ण मॅट लावले तर कार्यालयात पोहोचल्यावर एसीत गाल तडतडतात. सध्या गालांवर पातळ ओलसर फाउंडेशन लावायचे, नाक व कपाळ कोरडे ठेवून तिथे फक्त सुटी पावडर दाबायची, अशी तडजोड चालू आहे. हाताने वरची कडी धरून उभे राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना : गर्दीत दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला आपला गाल लागू नये, याचाही विचार फाउंडेशन निवडताना करावा लागतो.

अंबरनाथकर

मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

द्रव फाउंडेशन हे बहुतेक वेळा पाणी आणि तेल किंवा पाणी आणि सिलिकोन यांचे इमल्शन, म्हणजे एरवी न मिसळणाऱ्या द्रवांचे एकजीव केलेले मिश्रण, असते. त्यात रंग येतो तो प्रामुख्याने चार पदार्थांतून : पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळा, लाल व काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. घटकांच्या यादीच्या शेवटी सीआय ७७८९१, ७७४९२, ७७४९१ आणि ७७४९९ असे आकडे दिसतात, ते हेच. जगातल्या सगळ्या छटा, अगदी गोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत, मुख्यतः या चौघांच्या कमीअधिक प्रमाणातून तयार होतात. 'हलके' फाउंडेशन म्हणजे ज्यात या रंगद्रव्यांचा एकूण भार कमी असतो ते. शेवंतीताईंचा तीळ दिसत राहिला, याचे कारण एवढेच आहे.

ओलाव्याचे काम करणारे घटक तीन तऱ्हांचे असतात. पाणी धरून ठेवणारे, म्हणजे ग्लिसरीन, हायल्युरोनिक आम्लाचे क्षार इत्यादी. त्वचेचा खडबडीतपणा मऊ करणारे, म्हणजे स्क्वालेन किंवा निरनिराळी एस्टर. आणि वरून पातळ पडदा धरून पाणी उडू न देणारे, ज्यात डायमेथिकोन हे सिलिकोन येते. फाउंडेशनमध्ये हे घटक खरोखर असतात आणि काम करतात, म्हणून दावा खोटा नाही. पण प्रमाणाचा विचार करा. अर्धा पंप फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्यावर पसरले की त्यातून मिळणारे ग्लिसरीन तुमच्या नेहमीच्या मॉइश्चरायझरच्या मानाने फारच थोडे असते. माझ्या मते चांगल्या ओलसर फाउंडेशनचा खरा गुण हा आहे की ते खालच्या मॉइश्चरायझरने दिलेला ओलावा शोषून घेत नाही आणि उडूही देत नाही. कोरड्या त्वचेची तहान भागवणे हे त्याच्याकडून अपेक्षित धरू नये.

यादी वाचायची एक युक्ती सांगतो. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत आणि त्यानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ग्लिसरीन पहिल्या पाच-सहा नावांत असेल, तर ते भरीव प्रमाणात आहे असे समजायला हरकत नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत मिरवणारे हायल्युरोनिक मात्र यादीत संरक्षक द्रव्याच्या, म्हणजे फिनॉक्सीइथेनॉलच्या, खाली बसलेले आढळेल. त्यात फसवणूक नाही. तो घटक थोड्या प्रमाणातच वापरला जातो. पण ज्याच्या नावाने बाटली विकली जाते त्याच्यापेक्षा ज्याचे नाव कुणी घेत नाही ते ग्लिसरीनच अधिक राबत असते, हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे आहे. 'अल्कोहोल डीनेचर्ड' हे नाव यादीत वर दिसले, तर कोरड्या त्वचेने ती बाटली परत ठेवावी. सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल पाहून मात्र घाबरू नये. ते मेणासारखे, मऊपणा आणणारे पदार्थ आहेत.

जाता जाता : लावताना रेशमी वाटणारा आणि मग उडून जाणारा जो सायक्लोपेंटासिलोक्झेन असतो, त्यावर युरोपीय संघाने २०२४ मध्ये पर्यावरणाच्या कारणास्तव नियम केला असून, २०२७ च्या जूनपासून त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांत त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा येणार आहे. त्यामुळे तुमची आवडती बाटली तेच नाव ठेवून आतून बदललेली मिळाली, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

बाभूळ

प्रश्न खोचक वाटेल, पण रोज चेहऱ्यावर रंगाचा थर देणे इतके आवश्यक आहे का? आमच्या आईने साय आणि डाळीचे पीठ यांवर आयुष्य काढले आणि तिची कांती उत्तम होती.

शेवंती

बाभूळ, आवश्यक अजिबात नाही. आवडते म्हणून लावते. हा धागा ते कसे लावावे याबद्दल आहे. लावावे की नाही यावर वेगळा धागा काढलात तर तिथेही येईन.

अंबरनाथकर, आभार. माझ्या बाटलीत ग्लिसरीन चौथे निघाले. पण मग मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि त्यावर फाउंडेशन असे तीन थर दिले की कधी कधी बोट फिरवताना मळ निघावा तशा वळकट्या निघतात. त्याचे काय?

अंबरनाथकर

वळकट्या निघण्यामागे घाई हे पहिले कारण आणि थरांचे न जुळणे हे दुसरे. पाण्यातल्या जेलचा थर पुरता सुकला नसताना त्यावर सिलिकोनचे फाउंडेशन घासले, तर खालचा पडदा तुटून गोळा होतो. प्रत्येक थरानंतर काही मिनिटे जाऊ द्या आणि फाउंडेशन घासण्याऐवजी थोपटून लावा. दोन्ही उत्पादने एकाच घराण्यातली, म्हणजे दोन्ही सिलिकोनप्रधान किंवा दोन्ही पाणीप्रधान असतील, तर हा त्रास बराच कमी होतो. बाटली हलवायलाही विसरू नका. रंगद्रव्ये जड असल्याने तळाशी बसतात, आणि न हलवता घेतलेल्या पहिल्या काही पंपांची छटा नंतरच्या पंपांहून वेगळी निघते.

त्वचावैद्य

एसपीएफच्या शंकेबद्दल लिहितो. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम उत्पादन लावलेले असते. तेवढा थर चेहऱ्यावर यायचा, तर साधारण पाव चमचा फाउंडेशन लागेल. ते लावून कुणीही घराबाहेर पडणार नाही. हलके फाउंडेशन तर त्याच्या निम्म्याहून कमी लावले जाते, त्यामुळे बाटलीवरचा आकडा तुमच्या चेहऱ्यावर येत नाही. सनस्क्रीन वेगळे आणि पुरेसे लावावे, फाउंडेशनमधले संरक्षण वरकड समजावे.

मात्र एक बाब फाउंडेशनच्या बाजूने सांगितली पाहिजे, विशेषतः आपण वांगाचा उल्लेख केला आहे म्हणून. वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वाढतो, आणि आपल्यासारख्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेत हा परिणाम गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक होतो. नेहमीचे रंगहीन सनस्क्रीन हा दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. तो अडवतात ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे अंबरनाथकरांनी सांगितलेली तीच रंगद्रव्ये. म्हणून वांगाच्या रुग्णांना आम्ही रंगीत सनस्क्रीन सुचवतो, आणि ते न मिळाल्यास सनस्क्रीनवर आयर्न ऑक्साइड असलेले फाउंडेशन लावायला सांगतो. बाभूळ यांच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर यातही आहे.

ज्यांना मुरमांचा त्रास आहे, त्यांनी 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे त्वचेची रंध्रे न बुजवणारे, या शब्दावर फार विसंबू नये, कारण तो शब्द छापण्यासाठी सर्वमान्य अशी एकच चाचणी नाही. नवे उत्पादन आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. उघड्या डबीच्या चित्रावर '१२ एम' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. त्यानंतर बाटली अर्धी भरलेली असली तरी तिचा मोह सोडावा.

वऱ्हाडी पाहुणी

आमच्या अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना कोरडी हवा म्हणजे काय ते कळायचे नाही. पारा पंचेचाळीसला टेकतो आणि कूलरसमोरून उठले की पाच मिनिटांत ओठ सुकतात. पूर्वी मी ग्लिसरीनयुक्त पातळ टिंट, म्हणजे पुसट रंगाचा द्रव, एकटाच लावत असे आणि त्वचा उलट अधिकच ओढली जाई. ओल धरणारा घटक एकटा असला आणि वर ती ओल कोंडून ठेवणारे काही नसले, तर कोरड्या हवेत त्याचा उपयोग होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. तज्ज्ञांनी खरे-खोटे सांगावे. आता ओलसर चेहऱ्यावरच मॉइश्चरायझर लावते, त्यावर सनस्क्रीन आणि मग फाउंडेशन फक्त जिथे डाग आहेत तिथेच. दुपारी बाहेर पडायचे तर चेहरा दुपट्ट्याने बांधलेला असतो, त्यामुळे फाउंडेशन नेमके कोणासाठी लावले, हा प्रश्न घरातल्यांना पडतो.

अंबरनाथकर

निरीक्षण योग्य आहे. हवेत दमटपणा नसेल तेव्हा ग्लिसरीनला बाहेरून पाणी मिळत नाही, म्हणून वरचा पडदा आवश्यक ठरतो. डोंबिवलीत तो पडदा नको आणि अकोल्यात तोच हवा. एकच बाटली दोन्हीकडे सारखीच आवडेल, अशी आशा बाळगू नये.

पडद्यामागे

मी हौशी आणि व्यावसायिक नाटकांची रंगभूषा करते. आमच्याकडे अजूनही पेटीत पॅनकेक, म्हणजे वडीसारखा घट्ट दाबलेला मेकअप, असतो. मॅक्स फॅक्टर यांनी १९३०च्या दशकात तो रंगीत चित्रपटांच्या कॅमेऱ्यासाठी घडवला. तो ओल्या स्पंजने लावतात, पाचव्या रांगेतून सुरेख दिसतो आणि दोन हातांवरून भिंतीला दिलेल्या रंगासारखा. तुमचे सहकारी पाचव्या रांगेत बसत नाहीत, म्हणून रोजच्या वापरात रंगमंचावरचे फारसे काही आणू नये. पण ओल्या स्पंजची युक्ती जरूर आणावी. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून घट्ट पिळून घ्यायचा आणि बोटांनी पसरवलेल्या फाउंडेशनवर हलके थोपटायचा. जास्तीचा थर तो उचलून घेतो, कडा विरघळतात आणि ओठांजवळचे पापुद्रे बसतात.

आता टिकली आणि चष्मा. फाउंडेशन लावून झाल्यावर कानकोरणीला लावतात तेवढासा कापूस थोड्या मायसेलर पाण्यात, म्हणजे मेकअप काढायच्या पाण्यात, भिजवून भुवयांच्या मध्ये टिकलीच्या आकाराएवढी जागा पुसून घ्या, ती कोरडी झाल्यावर चिमूटभर पावडर दाबा आणि मग टिकली लावा. गोंदाला कोरडी त्वचा हवी असते. त्याला तेल आणि सिलिकोन दोन्ही चालत नाहीत. हळदीकुंकवाला जाणार असाल तर कपाळाच्या मध्यावर फाउंडेशन लावूच नका, कारण वाण देणाऱ्या काकू बोट दाबून कुंकू लावतात आणि ते ओलसर थरावर भिवईपर्यंत पसरते. नाकावर जिथे चष्म्याचे पॅड टेकतात तिथेही फाउंडेशन वर्ज्य. तिथे लावून ते टिकवण्याची धडपड करण्यापेक्षा कडा स्पंजने विरवून ती जागा मोकळी सोडली, तर ठसा उमटण्याचा प्रश्नच राहत नाही.

छटेबद्दल माझे मत ठाम आहे. आपल्या गव्हाळ आणि निमगोऱ्या चेहऱ्यांत पिवळसर, पुष्कळदा थोडी हिरवट झाक असते. त्यावर गुलाबी झाकेची छटा लावली की ती राखाडी दिसते आणि फार तांबूस छटा लावली की नारिंगी दिसते. शेवंतीताईंना एक क्रमांक राखाडी आणि पुढचा नारिंगी दिसतो, तो फिकट-गडदपणाचा दोष नसून झाकेचा आहे. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या हे पाहून झाक ठरवण्याची रीत मला विश्वासार्ह वाटत नाही, कारण दुकानाच्या दिव्याखाली प्रत्येकीला वेगळेच दिसते. त्याऐवजी दोन-तीन छटांच्या रेघा जबड्याच्या कडेला, गाल आणि मान दोन्हींना स्पर्श करतील अशा ओढाव्यात आणि दुकानाच्या दाराबाहेर उजेडात येऊन पाहावे. जी रेघ शोधावी लागते ती आपली. तेवढ्यावर पैसे देऊ नयेत. बाजारात दुसरे एखादे काम उरकून यावे आणि पुन्हा आरसा पाहावा, कारण काही फाउंडेशने हवा आणि त्वचेचे तेल लागल्यावर अर्ध्या तासात अर्धी छटा गडद होतात. मनगटावर छटा तपासू नये. मनगट आणि चेहरा यांनी सारखे ऊन खाल्लेले नसते.

टोरांटोकर

इथल्या हिवाळ्यात घरोघरी हीटर चालू असतात आणि आतली हवा अकोल्याइतकीच कोरडी होते, फक्त बाहेर बर्फ असते. इथे 'स्किन टिंट' आणि 'टिंटेड मॉइश्चरायझर' या नावाने मिळणारे प्रकार मी वापरते. हलक्या प्रकारांचा एक फायदा वर कुणी सांगितलेला दिसत नाही : रंगद्रव्य कमी असल्याने छटा अर्ध्या पावलाने चुकली तरी चालून जाते, त्यामुळे उन्हाळा आणि हिवाळा एकाच बाटलीत निभतो.

छटांच्या बाबतीत २०१७ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागेल. त्या वर्षी फेंटी ब्युटीने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या आणि त्यानंतर इतर ब्रँडना सावळ्या बाजूच्या दोन-तीन छटांवर भागवणे कठीण झाले. मी परदेशात आले तेव्हा माझ्या वर्णाला जवळचा रंग म्हणून दुकानातली मुलगी जे दाखवत असे, ते एकतर विटकरी असे किंवा बदामी.

कोरड्या त्वचेच्या मैत्रिणींनी कुशनचाही विचार करावा. डबीत फाउंडेशनने भिजलेला स्पंज आणि वर चपटा पफ, असा हा कोरियन प्रकार आयोपे या ब्रँडने २००८ साली आणला. पार्किंगच्या तिकिटावर मारायच्या शिक्क्यावरून ती कल्पना सुचली, असे सांगतात. दुपारी पुन्हा थोडे थोपटायला तो सोयीचा असला, तरी गव्हाळ वर्णासाठी त्यात छटा अजूनही फार कमी मिळतात आणि पफ वरचेवर धुवावा लागतो.

लोकलवाली

भारतात सहज मिळणाऱ्यांपैकी मेबलिनच्या फिट मीचे दोन प्रकार आहेत हे नवीन सदस्यांसाठी लिहून ठेवते. 'मॅट अँड पोअरलेस' तेलकट त्वचेसाठी आणि 'ड्युई अँड स्मूद' कोरड्या त्वचेसाठी. बाटल्या दिसायला सारख्या आणि छटांचे क्रमांकही सारखे, त्यामुळे ऑनलाइन मागवताना क्रमांकाबरोबर प्रकाराचे नावही वाचावे.

शेवंती

सर्वांच्या सूचना वापरून पाहिल्या, म्हणून हे लिहिते आहे. चष्म्याची जागा मोकळी सोडणे हा सर्वांत गुणकारी उपाय ठरला. पॅड स्वच्छ राहतात आणि नाकावर ठसे नाहीत. कपाळावरची जागा पुसून पावडर दाबल्यापासून टिकली संध्याकाळपर्यंत टिकते. फाउंडेशनचे प्रमाणही आपोआप घटले, कारण चष्म्याच्या जागेला आता ते लागतच नाही; अर्ध्या पंपातलेही थोडे उरते, ते मानेला जाते. छटेसाठी पिवळसर झाकेची छोटी बाटली आणली आणि जुन्या नारिंगी छटेत थेंबभर मिसळून पाहिली, तेव्हा जबड्यावरची रेघ दिसेनाशी झाली. दोन वेगळ्या ब्रँडची मिश्रणे करणे योग्य आहे का, हे अंबरनाथकरांनी सांगावे.

आणि रात्री हे काढायचे कसे? साबणाने चेहरा कोरडा ठणठणीत होतो, आणि मग दिवसभर जपलेला ओलावा गेलाच म्हणायचा.

अंबरनाथकर

हातावर थेंबभर मिसळून लगेच लावणार असाल तर हरकत नाही. एका बाटलीत दुसरी ओतून मात्र ठेवू नका. इमल्शन फुटते आणि संरक्षक द्रव्यांचे प्रमाणही बिघडते. मिसळल्यावर ते रवाळ झाले किंवा पाणी वेगळे झाले, तर दोघांचे पटत नाही असे समजून सोडून द्यावे.

त्वचावैद्य

रात्री कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर पाणी वापरून आधी रंग सोडवावा आणि नंतर कमी फेसाच्या सौम्य फेसवॉशने धुवावे. खोबरेल तेलाने फाउंडेशन उत्तम निघते, पण ज्यांना मुरमे येतात त्यांनी ते टाळावे. मायसेलर पाणी न धुता तसेच ठेवू नये. चेहरा टिपल्यावर तो ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

वऱ्हाडी पाहुणी

कापसाने गाल घासू नका, एवढे माझ्याकडून. कापूस काही क्षण डागावर नुसता धरून ठेवला तरी फाउंडेशन सुटून येते.